अडीच बोटं

एकोणीस पानांचं संमतिपत्र, पुण्याच्या मराठीत.
पान चार : बहुशाखी बहुवारिक अतिसूक्ष्म कण.
मी वाचलं, आणि इस्तारी मोहुर्ले
माझ्याकडे असा पाहत राहिला
जशी मी नागभीडच्या एसटीची वेळ त्याला संस्कृतात सांगितली.

एक्स-रेच्या खोलीला लागून आमचं टेबल.
त्याचं तोंड दोन बोटं उघडतं.
माझी नव्हे, त्याचीच बोटं; मोजायची रीत तशी आहे.
बावीस वर्षं ठेल्यावर खर्रा घोटला,
विकला त्याहून थोडाच कमी खाल्ला.
भाकर आता कुस्करून कडेनं आत ढकलतो.

मी पान मिटलं. म्हटलं, काका, झाड समजा.
मधात खोड, त्याला दोन फांद्या,
दोनाच्या चार, चाराच्या आठ.
दर फुटव्याला शास्त्रज्ञ पिढी म्हणतात, ही पाचवी.
शेंड्याशेंड्याला औषध टांगलेलं.
केसाच्या जाडीत अशी दहा हजार झाडं आडवी निजतील.
"आमच्या भावकीवानी," तो म्हणाला,
"टोकं वाढत जातेत, खोड थेच."
आणि दोन बोटांतून हसला.

"पॉलिमर म्हंजे पन्नी नाई का? आमी खर्रा घोटतो थे?"
त्याच कुळातलं, म्हटलं, पण निराळं.
तिथंच थांबायला हवं होतं मी.
बावीस वर्षांची पन्नी त्याच्या तळव्यावर घासून गेलेली,
आणि तिचंच कुणी चुलत नात्यातलं नळीत भरून
गालाला आतून लावा म्हणत होते.

मग काट्यांचं सांगितलं, ते पान अकरावर आहे.
उघड्या टोकांवर धन प्रभार,
तो पेशीची भिंत फाडू शकतो, म्हणून टोकांना वेष्टन.
बाभळीला फडकं गुंडाळावं तसं.
"अन् फडकं सुटलं तं?"
पान अकरावर ते नाही.

नळ्या दोन रंगांच्या.
झाड निळीत आहे की हिरवीत
मला माहीत नाही, डॉक्टर बोरकुटेंना माहीत नाही,
कुणाला कुठली ते यंत्र ठरवतं.
येण्याजाण्याचे दर खेपेला तीनशे रुपये.
त्याची पारबता तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावते.
मी पुन्हा वाचते,
आणि माझा आवाज दुकानदारासारखा झालेला मला ऐकू येतो.

"फांद्या रित्या झाल्या का मंग झाड कोठी जाते, बाई?"

मूत्रपिंडातून बाहेर. बहुतेक.
मोठ्या पिढ्या कदाचित यकृतात थांबतात.
उंदरांत पाहिलंय.
"अन् मानसात?"
तेच तर पाहायचंय, काका.
तो गप्प. बाहेर भजेवाल्याच्या कढईत
झारा आपटल्याचा आवाज.
"मंग असं सांग ना पयलेच.
झाड झाड काय करून रायली."

पेन मागून घेतलं.
समासात आधी आपला प्रश्न लिहिला, मोठ्या अक्षरात,
ठेल्याच्या उधारीच्या वहीत लिहावं तसा.
म्हटलं, समासात लिहायची परवानगी नसते.
"मंग सही बी नाई."
मी पान तसंच पुढं पाठवलं.
उत्तर आलं, एका ओळीचं : नोंद घेतली आहे.

चौदा महिन्यांनी काम बंद झालं. का, ते कळवलं नाही.
उरलेल्या नळ्या मोजल्या, खोक्याला सील मारलं,
फ्रिज टेम्पोत चढला.
इस्तारीचं तोंड आता अडीच बोटं उघडतं.
झाडामुळं, की खर्रा सुटल्यामुळं,
की मोजणारी बोटंच
वर्षभरात बारीक झाल्यामुळं,
तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

परवा पारबतानं पोराच्या हाती रिकामी नळी पाठवली,
पिळून पिळून चपटी केलेली, निळी.
अशीच आनखी एक भेटन का?

पान सतरा : परीक्षण संपल्यावर औषध मिळेलच असे नाही.
ते मी वाचलं होतं.
एकदाच.